मासा केवढा होता?

मासा पकडल्याची बातमी आली की पाठोपाठ "केवढा?" हे येतेच. पूर्वी सांगणारा दोन्ही हात पसरायचा आणि ऐकणारा मनातल्या मनात त्यातून चार बोटे वजा करायचा. दोघांनाही हा हिशेब मान्य होता. आता हात पसरायची गरज उरलेली नाही, मोबाइल पुढे केला की झाले. त्यात फोटोवरून लांबी सांगणारी अ‍ॅप आली आहेत. माशाचा फोटो घातला की खाली आकडा उमटतो, इतके सेंटिमीटर आणि अंदाजे इतके किलो. हा आकडा गळ टाकून बसणाऱ्या हौशी माणसाला मित्रांना दाखवण्यासाठी हवा असतो, मत्स्यशेती करणाऱ्याला खाद्याच्या हिशेबासाठी, संशोधकाला समुद्रातल्या साठ्याचा अंदाज बांधण्यासाठी, तर बंदरावरच्या निरीक्षकाला कायद्यासाठी.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच साधी अडचण आहे. ती नीट समजली की बाजारातले प्रत्येक उपकरण नेमके काय करते हे आपसूक कळू लागते. अडचण अशी, की फोटोत मासा असतो, पण माशाची लांबी नसते.

हे चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा सावकाश पाहू. दहा सेंटिमीटरची मांदेली कॅमेऱ्यापासून वीस सेंटिमीटरवर धरली आणि एक मीटरची घोळ दोन मीटरवर ठेवली, तर फोटोत दोघी सारखीच जागा व्यापतात. कॅमेऱ्याला वस्तू किती मोठी ते दिसत नाही. ती किती कोनात पसरली आहे तेवढे दिसते. पडद्यावरचे ठिपके मोजून आपल्याला मिळतो तो हा कोन. त्याला अंतराने गुणले की ढोबळमानाने लांबी निघते. पण अंतर फोटोत नोंदलेले नसते. म्हणजे समीकरण एक आणि अज्ञात गोष्टी दोन. कितीही महागडा कॅमेरा घेतला, कितीही ठिपके वाढवले, तरी हे कोडे फोटोच्या आतून सुटत नाही. बाहेरून एक तरी माहीत असलेली लांबी आणून माशाशेजारी ठेवावी लागते. पुढे ज्या ज्या युक्त्या येतील त्या सगळ्या ही एक लांबी कुठून आणायची याच्याच तऱ्हा आहेत.

गळवाल्यांनी हे गणित न शिकताच ओळखले होते. मासा धरून फोटो काढताना हात पुढे लांबवायचा, ही जगभरच्या हौशी मंडळींची जुनी खोड. समजा, फोटो काढणारा दोन मीटरवर उभा आहे आणि गळवाल्याने मासा छातीपासून अर्धा मीटर पुढे धरला आहे. मासा आता दीड मीटरवर आला, माणूस दोन मीटरवरच राहिला. पाहणारा नकळत माणसाच्या अंगावरून माशाचे माप घेतो, आणि त्या हिशेबात मासा चार तृतीयांश पट मोठा दिसतो. तीस सेंटिमीटरचा चाळीसचा होतो. वजन तर लांबीच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून अंदाजे वजन सव्वादोन पटींच्याही वर जाते. खोटे कोणी बोललेले नाही आणि फोटोवर काही कारागिरीही केलेली नाही. चोरी पकडायची असेल तर बोटांकडे पाहावे. मासा धरणारी बोटेही त्याच अंतरावर असतात, तीही चेहऱ्याच्या मानाने जाडजूड दिसतात. म्हणूनच मुरलेला गडी बोटे माशाच्या आड लपवतो.

बोटांवरून चोरी कळते, कारण बोट ही आपल्या ओळखीची लांबी आहे. मग अशी वस्तू मुद्दामच शेजारी ठेवली तर? लोक काडेपेटी ठेवतात, नाणे ठेवतात, चप्पलसुद्धा ठेवतात. चप्पल कोणाच्या पायाची हे सांगितलेले नसते, तो भाग वेगळा. खिशातल्या वस्तूंपैकी खरी विश्वासाची म्हणजे बँकेचे कार्ड. ते जगात कुठेही ८५.६ मिलिमीटर लांब असते आणि वाकत नाही. सध्याची पाचशेची नोट १५० मिलिमीटरची, पण ओल्या फळीवर ती सपाट राहील याची खात्री नाही, आणि मासळीच्या पाण्यात पाचशेची नोट ठेवायला कोणी राजी होईल असेही नाही. अ‍ॅपला एवढेच हवे असते. कार्डाच्या कडा ओळखायच्या, तितक्या ठिपक्यांत ८५.६ मिलिमीटर मावतात हे धरायचे, आणि माशाच्या ठिपक्यांना त्याच प्रमाणाने गुणायचे.

इथे काम संपले असे वाटते, पण खरी गंमत इथूनच पुढे आहे. शेजारी ठेवलेली लांबी ही शेजारी म्हणजे नेमकी कुठे? कार्ड फळीवर पडलेले असते. मासाही फळीवरच असतो, पण माशाला जाडी असते. तोंडापासून शेपटीपर्यंतची रेषा माशाच्या मधल्या उंचीवरून जाते आणि ती फळीपेक्षा कॅमेऱ्याला जवळ असते. सहा सेंटिमीटर जाडीचा, पोटाने गोल मासा घेतला तर त्याची मधली रेषा फळीपासून तीन सेंटिमीटर वर. फोन पन्नास सेंटिमीटरवरून धरला असेल तर कार्ड पन्नासवर आणि मासा सत्तेचाळीसवर. सहा टक्क्यांची वाढ इथेच, काही न करता पदरात पडली. पापलेट चपटे, जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचे धरू. तरी दोन टक्के उरतातच. दोन टक्के म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. १३३ मिलिमीटरचे पापलेट त्या फोटोत १३५ मिलिमीटर पार करते, आणि महाराष्ट्रात सध्या १३५ हा आकडा फार महत्त्वाचा आहे. त्याकडे पुढे येऊ.

उपाय सोपा आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. फोन दूर न्यायचा. एक मीटरवरून काढलेल्या फोटोत त्याच पापलेटाची चूक एका टक्क्यावर येते. मासा चौकटीच्या मध्यभागी ठेवायचा, कारण फोनच्या रुंद भिंगात कडेला गेलेल्या वस्तू ताणल्या जातात. जवळून, कडेपर्यंत भरलेला, डोळ्यांत भरणारा फोटो मोजायला सर्वांत वाईट असतो. अ‍ॅपवाले हे ठळकपणे सांगत नाहीत, आणि त्यात नवल नाही. सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो यांचे इथे जमत नाही.

अमेरिकेत याच अडचणीवर चेंडूची युक्ती निघाली आहे. ठरावीक व्यासाचा एक चेंडू माशाजवळ धरायचा. कार्ड थोडे तिरपे झाले की आखूड दिसते आणि सगळे प्रमाण बिघडते. चेंडूला तिरपेपणा नाही. तो कोणत्याही बाजूने गोलच दिसतो, त्यामुळे त्याचा व्यास नेहमी पुरा मिळतो. मला ही युक्ती फार आवडते, कारण तिच्यात यंत्र काहीच नाही, फक्त भूमिती आहे. मात्र चेंडूने चेंडूचा तिरपेपणा घालवला, माशाचा नाही. मासा कॅमेऱ्याच्या रेषेत दहा अंश कलला तर दीड टक्काच आखूड दिसतो, वीस अंशांवर सहा टक्के आणि तीस अंशांवर तेरा टक्क्यांहून अधिक. सुरुवातीला चूक इतकी मंद वाढते की आपण बेसावध राहतो.

आता महागड्या फोनांकडे वळू. २०२० मध्ये अ‍ॅपलने आधी आयपॅड प्रो आणि मग आयफोन १२ प्रो यांत लायडार बसवला. हा छोटा डोळा अदृश्य प्रकाशाचे ठिपके फेकतो आणि ते परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे एका मीटरवरच्या माशाला शिवून परत यायला त्याला सात नॅनोसेकंदही लागत नाहीत. फोन हा वेळ मोजतो आणि त्यातून अंतर काढतो. समीकरणातली दुसरी अज्ञात गोष्ट हाती आली! कार्ड नको, चेंडू नको. मग माहीत असलेली लांबी कुठे गेली? ती प्रकाशाच्या वेगात दडली आहे. अडचण फक्त माशाची आहे. नुकताच पाण्यातून काढलेला मासा चकचकीत असतो, प्रकाश हवा तिकडे उडवतो, आणि लायडारचे ठिपके मुळातच विरळ. शेपटीच्या पातळ टोकावर एखादा ठिपका पडला तर पडला.

लायडार नसलेले फोनही हल्ली टेबल मोजून देतात. ते कसे? फोन थोडा इकडून तिकडे हलवायला सांगतात, ते उगाच नाही. हलवल्यामुळे एकाच वस्तूचे दोन ठिकाणांहून दोन फोटो मिळतात. त्या दोन ठिकाणांमधले अंतर कळले की त्रिकोण पुरा होतो. हे अंतर फोनच्या पोटातला हालचाल ओळखणारा संवेदक सांगतो. इथे माहीत असलेली लांबी म्हणजे आपल्याच हाताची हालचाल. टेबल जागचे हलत नाही म्हणून हे जमते. हातात वळवळणाऱ्या माशाला ही पद्धत लागू पडत नाही, कारण दोन फोटोंच्या मध्ये त्याने शेपटी फिरवलेली असते.

फोन हलवण्याऐवजी दोन कॅमेरे एका दांडीवर पक्के बसवले आणि दोघांनी एकाच क्षणी टिपले, तर मासा हलला तरी बिघडत नाही. ऑस्ट्रेलियात युआन हार्वी आणि मार्क शॉर्टिस यांनी १९९० च्या दशकात पाण्याखाली नेता येईल अशी जोड-कॅमेऱ्यांची रचना तयार केली. आज प्रवाळखडकांवरचे मासे मोजण्यासाठी ती पद्धत जगभर वापरतात. समुद्रतळाशी आमिष बांधून कॅमेऱ्यांची जोडी सोडायची, मासे आपणहून जवळ येतात, आणि नंतर प्रयोगशाळेत बसून नाक आणि शेपटी यांवर खुणा करत लांबी काढायची. यात तिरपेपणाही निघून जातो, कारण नाक किती अंतरावर आणि शेपटी किती अंतरावर हे वेगवेगळे कळते. नॉर्वेच्या फ्योर्डांत सामन माशांच्या पिंजऱ्यांत असेच कॅमेरे टांगून वजनाचे अंदाज घेतले जातात. तिथे खाद्याचा खर्च मोठा, म्हणून मोजण्यावर पैसा खर्च होतो. त्यात फार शिरायला नको.

पाण्याखाली डोळ्यावर विश्वास का ठेवायचा नाही, याचे कारण मात्र सांगायला हवे. पाणबुड्याच्या सपाट काचेतून पाहताना प्रकाश पाण्यातून हवेत येताना वळतो आणि मासा खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर असल्यासारखा भासतो. म्हणजे तो चार तृतीयांश पट मोठा दिसतो. हात लांबवून फोटो काढणाऱ्याचा आकडा आणि हा आकडा एकच निघावा, हा निव्वळ योगायोग. पण पाणबुड्याला हात लांबवायचीही गरज पडत नाही. पाणीच त्याच्या वतीने बढाई मारते.

व्हेल शार्कची गोष्ट आणखी वेगळी. जगातला हा सर्वांत मोठा मासा, त्याच्याशेजारी कोणते कार्ड ठेवणार? मोझांबिकच्या किनाऱ्यावर ख्रिस्तोफ रोनर आणि सहकाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या दोन बाजूंना पन्नास सेंटिमीटर अंतराने दोन लेझर बसवले. दोन्ही किरण अगदी समांतर. मासा जवळ असो वा दूर, त्याच्या अंगावर पडणारे दोन ठिपके पन्नास सेंटिमीटरवरच असतात. म्हणजे मोजपट्टी थेट माशाच्या कातडीवरच उमटली. मघाशी कार्ड आणि माशाची मधली रेषा यांत जो उंचीचा फरक पडत होता, तो इथे उरलाच नाही. एवढा मोठा मासा चौकटीत पुरता मावत नाही, म्हणून कल्ल्यापासून पाठीवरच्या पहिल्या परापर्यंतचा तुकडा मोजायचा आणि त्यावरून पूर्ण लांबीचा अंदाज बांधायचा. हा शोधनिबंध २०११ मध्ये आला. त्याच सुमारास हवाईत मांटा जातीच्या अवाढव्य पाकटांनाही लेझरच्या जोडीनेच मोजले गेले.

आपल्याकडे असे न पकडता मोजण्याजोगे मासे कुठे असतील, तर ते देवाच्या डोहांत. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत काळ नदीच्या डोहात मोठाले खडस, म्हणजे महाशीर, आहेत. ते देवीचे म्हणून कोणी मारत नाही, चुरमुरे टाकले की वर येतात. तिथे फळी आणि कार्ड यांना प्रवेश नाही, उरला तो फक्त फोटो. पण वरून पाहणाऱ्याला पाण्याची लबाडी फारशी बाधत नाही. समजा, कॅमेरा पाण्यापासून पाच मीटर उंच आहे आणि मासा एक मीटर खोल. मासा पाऊण मीटर खोल असल्यासारखा भासतो, म्हणजे सहाऐवजी पावणेसहा मीटरवर. चार-साडेचार टक्क्यांची वाढ, आणि तीही हिशेबाने काढून टाकता येते. ज्याला खरोखर मोजायचे असेल त्याने डोहातला पाण्याच्या पृष्ठाशी असलेला एखादा खडक उन्हाळ्यात टेपने मोजून ठेवावा. चुरमुऱ्यांसाठी वर आलेल्या माशांपुरते तोच मग बँकेच्या कार्डाचे काम करील.

इथवर आलेल्या वाचकाला आता एक प्रश्न पडला असेल. काही अ‍ॅप कार्ड मागत नाहीत, चेंडू मागत नाहीत, जुना फोटो दिला तरी त्यावर आकडा काढून देतात. ते कसे? याचे खरे उत्तर असे, की ती अ‍ॅप मोजत नाहीत, ओळखतात. लाखो फोटो पाहून संगणकाने शिकलेले असते की अशा हातात, अशा होडीत, या जातीचा मासा बहुधा एवढा असतो. या ओळखण्याला थोडा पाया आहे, हे मान्य करायला हवे. पिल्लाचे डोळे अंगाच्या मानाने मोठे असतात, वाढता वाढता शरीराचे प्रमाण बदलते, म्हणजे नुसत्या आकारातही वयाची थोडी खूण असते. मी वर फोटोत लांबी नसते म्हटले, त्यात एवढी फट आहे. पण त्या फटीतून मिलिमीटर येत नाहीत. आणि अशा अंदाजाचा स्वभाव असा, की तो नेहमीच्या माशाबद्दल बरोबर आणि नवलाच्या माशाबद्दल चूक ठरतो. ज्या माशासाठी माणूस फोन बाहेर काढतो तो बहुधा नवलाचाच असतो.

प्रमाण सुटले तरी आणखी एक गोष्ट कोणत्याही यंत्राला आपली आपण ठरवता येत नाही. मासा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? बांगड्याची शेपटी दुभंगलेली असते. लांबी शेपटीच्या टोकापर्यंत घ्यायची, की मधल्या बेचक्यापर्यंत, की शेपटी सुरू होते तिथपर्यंत? तीनही लांब्या शास्त्रात चालतात, तिघींचे आकडे वेगळे येतात. टोकापर्यंत घ्यायची तर शेपटीचे पंख चिमटीत धरून जुळवायचे, की आहेत तसे फाकलेले ठेवायचे? तोंड मिटलेले की उघडे? सुरमई सरळ पडून राहते, तिला मोजणे सोपे. बोंबलाचे काय करणार? तो मुळात पाणीच, फळीवर ठेवला की जागा मिळेल तसा वळतो, जबडा आ वासलेला. वळलेल्या बोंबलाची सरळ रेषा घेतली तर आखूड, पाठीच्या कण्याने गेले तर लांब, आणि कोणी दोन्ही टोके धरून जरा ताणला तर आणखी लांब.

अमेरिकेत कयाक होड्यांतून बास मासे पकडण्याच्या स्पर्धा भरतात, त्यांत मासा किनाऱ्यावर आणावा लागत नाही. फळीवर ठेवून फोटो काढायचा, अ‍ॅपमधून पाठवायचा आणि मासा सोडून द्यायचा. इनाम असल्यामुळे नियम काटेकोर. तोंड मिटलेले आणि फळीच्या उभ्या कडेला टेकलेले हवे, त्या दिवशीची ओळखचिठ्ठी फोटोत दिसायला हवी, आणि लांबी जवळच्या पाव इंचावर खाली उतरवली जाते, वर चढवली जात नाही. या नियमांतला सगळ्यात शहाणपणाचा नियम मला शेवटचा वाटतो. आपल्या मोजण्यात किती चूक असू शकते याची कबुली त्या पाव इंचात आहे, आणि ती चूक स्पर्धकाच्या पदरात पडणार नाही याची सोयही. अनेक अ‍ॅप मात्र लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत छापतात.

एवढा मिलिमीटरचा कीस कशासाठी काढायचा? कारण मत्स्यशास्त्रात लांबी हे वयाच्या जागी उभे असलेले माप आहे. डॅनिश शास्त्रज्ञ पेटरसन यांनी १८९० च्या दशकात शेकडो माशांच्या लांब्या मांडून पाहिल्या, तेव्हा त्यांचे उंचवटे दिसले. एक उंचवटा यंदाच्या पिल्लांचा, पुढचा गेल्या वर्षीच्यांचा. थंड समुद्रातल्या माशांच्या कानातल्या हाडावर वर्षागणिक कडी उमटतात, ती मोजून वय सांगता येते. आपल्या उष्ण समुद्रात ती कडी बहुधा अस्पष्ट. म्हणून डॅनियल पॉली यांच्यासारख्यांनी १९८० च्या सुमारास नुसत्या लांब्यांवरून वाढीचा वेग काढण्याची संगणकी पद्धत बसवली, आणि ती उष्ण देशांत सगळीकडे पसरली. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकवर टोपलीतले मासे फळीवर मोजणारा संशोधक मिलिमीटर लिहीत असतो, पण त्याला हवे असते ते वय. किती मासे एकदा तरी अंडी घालून मग जाळ्यात आले आणि किती त्याआधीच, हे त्याला त्या आकड्यांतून वाचायचे असते.

याच वाचनातून किमान कायदेशीर आकार ठरले. केरळने २०१५ मध्ये सुरुवात केली. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये, केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शिफारशींवरून, ५४ जातींसाठी असे आकार जाहीर केले. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, त्याहून लहान पकडायचे नाहीत. त्याच वर्षी पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला होता. पाचशेच्या नोटेपेक्षा बोटभर आखूड, इतके ते १३५. कोळणीच्या वितीशी लावले तर बोंबलाचा आकडाही वितीच्या आतच राहतो. म्हणजे नजर बसलेल्या माणसाला यंत्र लागत नाही. यंत्र लागते ते वाद झाल्यावर, निरीक्षक आणि नाखवा समोरासमोर उभे राहिल्यावर. तेव्हा फोटो किती उंचीवरून काढला, मासा ताजा होता की बर्फातला, शेपटी कशी धरली, असे सगळे प्रश्न जिवंत होतात. १३३ आणि १३५ यांतला फरक मघाशी फोनच्या पन्नास सेंटिमीटरांत दिसला, तो इथे दंडाच्या पावतीवर येऊन बसतो.

पण होडीवर दृश्य वेगळे असते. डोलजाळ्याचा खोला, म्हणजे मागची पिशवी, उघडला की टोपल्याच्या टोपल्या एकदम ओतल्या जातात, त्यात बोंबील, मांदेली, जवळा आणि पापलेटाची पिल्ले एकत्र. एकेक मासा उचलून फोटो कोण काढणार? काढला तरी माशाला त्याचा काही उपयोग उरलेला नाही, पिल्लू मेलेले आहे. माशाशेजारी माहीत असलेली लांबी वेळेवर, म्हणजे तो पाण्यात आणि जिवंत असताना, ठेवणारे एकच उपकरण मासेमारीत आहे, ते म्हणजे जाळ्याचा आस, विणीतले भोक.

आस मोजतात ताणून, गाठीपासून गाठीपर्यंत. ट्रॉलच्या जाळ्यासाठी आपल्याकडच्या मत्स्यतंत्रज्ञांनी ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाची शिफारस केली आहे. नेहमीचा तिरपा आस ओढ बसली की मिटतो, चौकोनी उघडा राहतो. ताणलेल्या ४० चा अर्थ चौकोनाची एक बाजू २० मिलिमीटर आणि कर्ण जेमतेम २८. आता मासा या चौकोनातून निसटेल की नाही हे त्याच्या लांबीवर ठरत नाही, उंचीवर आणि जाडीवर ठरते. बोंबील सडपातळ आणि मऊ, तो बराच मोठा होईपर्यंत निसटू शकतो. पापलेटाची उंची लांबीच्या साधारण निम्मी. कर्णातून २८ मिलिमीटर उंचीचा चपटा मासा जाईल, म्हणजे साधारण ५५-६० मिलिमीटर लांबीचा. त्याहून मोठे आणि १३५ हून लहान असे प्रत्येक पापलेट या आसात अडकते. कायदा ज्याला सोडा म्हणतो त्याला जाळे सोडू शकत नाही, कारण कायद्याचे मिलिमीटर आडवे आहेत आणि जाळ्याचे उभे.

मजा अशी, की उभे मिलिमीटर फोटोत आयतेच आलेले असतात. कार्ड शेजारी ठेवून पापलेटाचा कुशीवरचा फोटो काढला की एकाच प्रमाणाने लांबी आणि उंची दोन्ही मिळतात, उंचीसाठी वेगळे कष्ट नाहीत. अ‍ॅप ती फेकून देतात, कारण गळवाल्याला लांबीतच रस असतो. धक्क्यावर जातवार हजार-दोन हजार माशांच्या लांबी-उंचीच्या जोड्या जमल्या, तर कोणत्या महिन्यात, कोणत्या जाळ्याला, केवढा आस लावला म्हणजे कोणता मासा अडकेल आणि कोणता सुटेल, हे जाळे विणण्याच्या आधी सांगता येईल. त्यासाठी लायडार लागत नाही आणि चेंडूही लागत नाही. एक मीटर उंचीवर पक्का बसवलेला साधा फोन, खाली पांढरी फळी, तिच्या कडेला आखलेले सेंटिमीटर, आणि फळीवर कुशीवर सरळ झोपवलेले पापलेट एवढे पुरे.